हिरवळीला ठिगळ

गवताची दुरुस्ती करावी लागते ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यानंतर कळली. घराची दुरुस्ती, घड्याळाची दुरुस्ती, आणि माझ्या व्यवसायामुळें विद्यार्थ्यांच्या इंग्रजीची दुरुस्ती, एवढ्या तिहींशीं माझा परिचय होता. गवत हें आपलें आपण उगवतें. आपण त्यावरून चालतों. गुरें तें खातात. पाऊस सरला कीं तें पिंवळें पडतें आणि पुढच्या मृगांत पुन्हां हिरवें होतें. या क्रमांत दुरुस्तीला कोठें वाव असेल अशी शंकाहि मला कधीं आली नव्हती. परंतु कांहीं वर्षांपूर्वीं एका पावसाळ्यानंतर आमच्या सोसायटीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तिसरा विषय आला तो असा: ‘पोडियमवरील गवताची दुरुस्ती व देखभाल.’ रोज सकाळीं तासभर त्या गवतावर फेऱ्या घालणारा सभासद मीच, या एकमेव पात्रतेवर त्या कामाची देखरेख माझ्याकडे सोंपविण्यांत आली.

हें गवत अर्थातच प्लास्टिकचें. कोणी त्याला ‘टर्फ’ म्हणतो, कोणी ‘आर्टिफिशियल लॉन’. आमचे माळीमामा त्याला सरळ ‘खोटं गवत’ म्हणतात.

माजिवड्याचें नांव ठाण्याबाहेरच्या माणसाला ठाऊक असतें तें तेथील चौकामुळें. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगति महामार्ग, घोडबंदरचा रस्ता आणि नाशिककडे जाणारा जुना आग्रा रोड यांची येथें गांठ पडते, आणि ती गांठ इतकी घट्ट आहे कीं ती सोडविण्यासाठीं बांधलेल्या उड्डाणपुलालाहि ती पुरती सुटलेली नाहीं. या चौकाच्या आजूबाजूला आज ज्या पंचवीस-तीस मजली इमारती उभ्या आहेत त्यांच्या जागीं एके काळीं भातशेती होती. आमच्या माळीमामांच्या वडिलांनीं त्यांपैकीं कांहीं खाचरें कसलीं होतीं. मूळ माजिवडा गांव अजून आहे आणि मामा त्या गांवांतच राहतात. आमच्या इमारतींना मात्र अंगण नाहीं, पोडियम आहे. पोडियम म्हणजे मोटारगाड्या ठेवण्याच्या मजल्यांच्या डोक्यावर घातलेली गच्ची. आमच्याकडील मुलें ‘खालीं खेळायला जातों’ असें सांगून लिफ्टनें ज्या ठिकाणीं उतरतात तें ठिकाण जमिनीपासून चांगलें तीन मजले उंच असतें, आणि त्यांत विसंगत असें त्यांना कांहींच वाटत नाहीं. त्यांचें अंगण तेंच. वृद्ध मंडळींचा पार तोच. गणपतीचा मांडव आणि लग्नाच्या आदल्या दिवसाची हळदहि तेथेंच.

आरंभीं तेथें खरी हिरवळ होती. तिचे हाल मीं डोळ्यांनीं पाहिले आहेत, म्हणून तिच्या जागीं प्लास्टिक अंथरणाऱ्या सभासदांची टवाळी करण्याचा मोह मी आवरतों. ओल्या मातीचें वजन घनमीटरला दीड टनाहून अधिक भरतें. तें स्लॅबनें किती पेलावें याचा हिशेब ठरलेला असतो, आणि म्हणून मातीचा थर वीत-दीड वीत याहून जाड करतां येत नव्हता. दोन्ही अंगांनीं उंच इमारती, त्यामुळें बऱ्याच भागाला ऊन म्हणून मिळे तें दुपारचे दोन-अडीच तास. पावसाळ्यांत पाणी तुंबून मुळ्या कुजत आणि खालच्या मोटारींवर अभिषेक चाले. उन्हाळ्यांत पाण्याचा टँकर विकत घेऊन तें गवत जगवावें लागे. ज्या घरांत दिवसांतून दोनच वेळां नळाला पाणी येतें त्या घरच्या माणसानें हिरवळीवर विकतचें पाणी सोडतांना पाहून हळहळूं नये अशी अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. तेव्हां बहुमतानें जो निर्णय झाला तो त्या वेळच्या माहितीवर वाजवीच होता असें मी आजहि म्हणेन. एक गोष्ट मात्र त्या ठरावाबरोबर सहज होऊन गेली. गवताला पाणी नको, कापणी नको, खत नको, तर मग माळी तरी दिवसभर कशाला, असें कोणी म्हणालें. आणि मामांचें काम पूर्ण दिवसावरून दोन तासांवर आलें. त्यांनीं तक्रार केली नाहीं. शेजारच्या तीन सोसायट्यांत तुकड्यातुकड्यानें काम धरून त्यांनीं आपला दिवस पुन्हां जुळविला.

या नकली गवताचा जन्मवृत्तांत मीं मागाहून वाचला, आणि तो आमच्या पोडियमच्या कथेशीं इतका जुळला कीं मला हंसूं आलें. १९६५ सालीं अमेरिकेंत ह्यूस्टन शहरीं अ‍ॅस्ट्रोडोम नांवाचें प्रचंड क्रीडागृह उघडलें. वर घुमट, घुमटाला पारदर्शक तावदानें, आणि त्यांतून येणाऱ्या उन्हावर आंत खरें गवत वाढावें अशी योजना होती. पण तावदानांच्या झगमगाटांत बेसबॉलच्या खेळाडूंना वर उडालेला चेंडू दिसेना. म्हणून तावदानांना रंग फांसला. रंग फांसतांच गवताला प्रकाश मिळेना आणि तें मेलें. तेव्हां त्या मेलेल्या गवतालाच हिरवा रंग देऊन तो हंगाम कसाबसा पार पाडण्यांत आला. दुसऱ्या वर्षीं, १९६६ मध्यें, मोन्सँटो कंपनीनें तयार केलेलें नायलॉनचें गवत तेथें अंथरलें. त्याचें मूळचें नांव ‘केमग्रास’. या क्रीडागृहावरून तें ‘अ‍ॅस्ट्रोटर्फ’ झालें. सांवलींत गवत जगत नाहीं ही आमची तक्रार त्या अब्जाधीशांच्या घुमटाखालींहि तीच होती.

आपल्या देशाला या गवताची ओळख फार कडू रीतीनें झाली. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमधून हॉकीचें पदक घेऊन येणारा भारताचा संघ १९७५ सालीं क्वालालंपूरला खऱ्या गवतावर विश्वचषक जिंकला, आणि पुढच्याच वर्षीं माँट्रियलला कृत्रिम मैदानावर सातवा आला. त्या पराभवाचा सगळा दोष गवतावर लोटणारे वडीलधारे मला लहानपणीं पुष्कळ भेटले. मला तें कधींच पुरतें पटलें नाहीं. तरी उंचसखल मातीवर चेंडूला काठीनें गोंजारीत नेण्याची जी कला आमच्या लोकांनीं पिढ्यानपिढ्या कमावली होती तिला त्या सपाट कापडावर पूर्वींची किंमत उरली नाहीं एवढें खरें.

‘कापडावर’ हा शब्द मीं मुद्दाम योजिला आहे. बेकननें १६२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या उद्यानांवरील निबंधांत आपल्या तीस एकरांच्या आदर्श बागेपैकीं चार एकर हिरवळीला दिले आहेत. हा निबंध मीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविला, पण ती चार एकर हिरवळ कापीत कोण असेल हा प्रश्न मला किंवा माझ्या एकाहि विद्यार्थ्याला पडला नाहीं. लांब दांड्याचे विळे घेतलेलीं माणसें तें काम करीत. नाहींतर मेंढ्या करीत. पुढें १८३० सालीं ग्लॉस्टरशायरमधील एडविन बडिंग नांवाच्या कारागिरानें हिरवळ कापण्याचें यंत्र काढलें, आणि त्याची कल्पना त्याला सुचली ती लोंकरीच्या कापडाच्या गिरणींत. विणलेल्या कापडावर उभी राहणारी लव एकसारखी कातरणारें एक यंत्र तेथें असे. तेंच त्यानें जमिनीवर चालविलें. म्हणजे ज्या गुळगुळीत हिरवळीचें वेड इंग्रजांनीं जगभर पसरविलें आणि जिची हौस आम्हीं जिमखान्यांतून उचलली, ती हिरवळ तेव्हांच अर्धी कापड झाली होती. आजच्या यंत्रांनीं उरलेला अर्धा भाग पुरा केला. पॉलिएथिलीनच्या चपट्या तंतूंचे झुबके सुयांच्या रांगा एका विणलेल्या पाठीमध्यें टोंचून बसवितात, मागून लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप देतात, पाणी निचरावें म्हणून भोंकें पाडतात आणि मालाच्या गुंडाळ्या करतात. हीं यंत्रें मुळांत गालिचे करण्याचीं. तेव्हां गवताला दुरुस्ती लागते याचें मला जें नवल वाटलें होतें तें अस्थानीं होतें. कापड म्हटलें कीं तें उसवणार, विरणार, आणि त्याला ठिगळ लागणारच.

आमच्या कापडाच्या शिवणी प्रथम उसवल्या. दोन गुंडाळ्यांच्या कडा जेथें एकमेकींना भिडतात तेथें खालून वीतभर रुंदीची पट्टी घालतात, तिच्यावर गोंद पसरतात आणि दोन्ही कडा तीवर दाबून बसवितात. ठाण्याला वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. खालीं निचरा नीट नसला म्हणजे ती पट्टी आठवडेच्या आठवडे पाण्यांत भिजत राहते, गोंद सुटतो, कड वर येते, तीवर पहिलें लहान मूल अडखळून पडतें, आणि मग सभेच्या विषयपत्रिकेवर विषय येतो. ज्यांनीं गवत अंथरलें होतें त्या कंत्राटदाराकडे निरोप गेला. दोन तरुण आले. नव्या गुंडाळींतून चौकोन कापून त्यांनीं तो फाटलेल्या जागीं डकविला आणि अर्ध्या तासांत ते निघून गेले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों त्या फिकट हिरव्या मैदानांत एक काळपट चौकोन उठून दिसत होता. नवीन तुकड्याचा रंग ताजा असणार, हें मी समजलों. पण हा फरक त्याहून निराळा होता. पूर्वेकडून पाहिलें तर चौकोन काळा दिसे. पश्चिमेकडून पाहिलें तर उलट पांढुरका.

याचा उलगडा माझ्या पत्नीनें गॅलरींतून एका दृष्टिक्षेपांत केला. “अहो, लव उलटी लागली आहे. मखमलीचं पोलकं शिवतांना सगळे तुकडे एकाच दिशेनं बेतावे लागतात, तसंच हें.” खरोखर तसेंच होतें. या गवताच्या सर्व पात्यांचा कल एका बाजूला असतो. तुकडा फिरवून लावला कीं प्रकाश त्यावरून वेगळा परततो आणि दोष जन्मभर डोळ्यांत खुपतो. रंगाच्या बाबतींतहि तिनेंच वाट दाखविली. “नवीन कापड कशाला हवं? जुन्या परकराला ठिगळ लावायचं तर त्याच्या दुमडींतलं कापड काढतात.” पंपाच्या खोलीमागें कोणी न जाणाऱ्या कोपऱ्यांत तेंच गवत, तितकेंच विटलेलें, वाया पडून होतें. ती आमची दुमड.

कंत्राटदाराचा नाद सोडून मामांनीं आणि मीं तें काम हातीं घेतलें. म्हणजे मामांनीं हातीं घेतलें आणि मीं पुस्तकी ज्ञान पुरविलें. पावसाळ्यांत तें करतां येत नाहीं. खालची जमीन कोरडी ठणठणीत असावी लागते. गवत उलटें करून पाठीवर दिसणाऱ्या टांक्यांच्या दोन ओळींमधून धारदार पातें चालवावें. वरून कापलें तर पातीं तुटून तेथें टक्कल पडतें. जुना गोंद खरवडून काढावा. नवी पट्टी घालून गोंद पसरावा, आणि दोन्ही कडांमध्यें एका ओळीइतकेंच अंतर ठेवून त्या बसवाव्या. अंतर अधिक झालें तर सांधा दिसतो, कमी झालें तर कड उचलते. या सगळ्यांत नाजूक भाग असा कीं एकहि पातें गोंदांत अडकतां कामा नये. मामा गुडघ्यांवर बसून भाताचीं रोपें लावतांना विलग करावींत तसे ते तंतू दोन्ही बाजूंना सारीत आणि मधून कड दाबीत जात. वरून दिवसभर फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं खराट्यानें लवेच्या उलट दिशेनें तें सगळें विंचरलें, थोडी बारीक वाळू पेरली, आणि मला विचारलें, “सर, सांधा दाखवा.” मला तो सांपडला नाहीं.

दुसरी एक जखम अधिक गूढ होती. एका फेब्रुवारींत मैदानाच्या कडेला हातभर लांबीचा तिरपा पट्टा आखडून, वितळून, मेणासारखा चकाकूं लागला. प्रथम संशय सिगारेट ओढणाऱ्यांवर गेला, मग क्रिकेट खेळणाऱ्या मुलांवर. मुलांनीं गतवर्षींच्या फटाक्यांचा इतिहास असल्यामुळें तो संशय निमूटपणें सोसला. पण फटाका सरळ रेषेंत जाळीत जात नाहीं. मामांनीं एके दिवशीं तेथें बसून अर्ध्या-अर्ध्या तासानें एकेक विटेचा तुकडा ठेवला. प्रकाशाचा एक झगझगीत डाग त्या जमिनीवरून हळूहळू सरकत होता आणि विटा बरोबर त्या वितळलेल्या पट्ट्यावर रांगेनें बसल्या. समोरच्या इमारतींत वरच्या मजल्यावर एका गृहस्थांनीं उष्णता परतविणाऱ्या दुहेरी कांचेची नवी खिडकी बसविली होती. अशा दोन कांचांमधील हवेच्या दाबांत फरक पडला म्हणजे कांच किंचित् आंत वांकते, तिचा अंतर्वक्र आरसा होतो आणि ती ऊन एकवटून टाकते. पॉलिएथिलीन सुमारें ११० ते १३० अंशांवर वितळतें. पाश्चात्य देशांत हा प्रकार घरोघरच्या नकली हिरवळींना परिचित झाला आहे. मला तो मामांनीं विटांच्या तुकड्यांनीं शिकविला. त्या गृहस्थांनीं सौजन्यानें खिडकीबाहेर जाळी लाविली. मुलांची क्षमा मात्र कोणीं मागितल्याचें मला स्मरत नाहीं.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर हेंहि सांगतों: वैशाखांत भर दुपारीं या गवतावर अनवाणी पाय ठेववत नाहीं. गवताचें पान पाणी बाहेर टाकून स्वतःला गार ठेवतें. प्लास्टिकजवळ ती युक्ति नाहीं, आणि त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पलीकडे जाणें ही नवलाची गोष्ट नव्हे. म्हणून चार वाजतां मुलें उतरण्यापूर्वीं त्यावर नळीनें पाणी मारावें लागतें. पाणी वांचविण्यासाठीं आणलेल्या गवतावर पाणी शिंपडणारे मामा मला पाहून त्या वेळीं कांहीं बोलत नाहींत, केवळ हंसतात.

आणि मग जूनमध्यें लव्हाळा आला. तो कुंड्यांतल्या मातीबरोबर आला असेल किंवा वाळूबरोबर. त्याच्या जमिनींतील गांठीला थोडी ओल मिळाली कीं ती सुईसारखा टोंकदार कोंब वर काढते, आणि त्या कोंबापुढें लॅटेक्सची पाठ कांहींच नव्हे. तुकोबांच्या अभंगामुळें लव्हाळा म्हटला कीं आम्हां मराठी माणसांना पुरापुढें वांकणारी नम्रता आठवते. आमच्या पोडियमवर त्यानें वांकण्याचें मुळींच मनांत आणलें नाहीं. शिवणींतून आलेली हरळी त्यामानानें सौम्य. ती सांध्यांत शिरून आडवी पसरली. देखभालीच्या सूचनांत स्पष्ट लिहिलें होतें कीं उगवलेलें तण ताबडतोब मुळासकट काढावें, नाहींतर पाठ उचलली जाते. सूचना अगदीं बरोबर होती. तेव्हां खऱ्या गवतावर जन्म घालविलेले मामा खुरपें घेऊन खोटें गवत वांचविण्यासाठीं खरें गवत उपटीत बसले. “ह्याला पाणी घातलं नाय, खत घातलं नाय,” मूठभर हरळी मला दाखवीत ते म्हणाले, “आणि बघा, सर.”

शेतकरी ज्या हरळीला वैरीण समजून खोल नांगरटीनें खणून काढतो तीच गणपतीची दूर्वा आणि तीच आपल्याकडील क्रीडांगणांची हिरवळ. एका क्षुद्र वनस्पतीच्या वांट्याला इतक्या निरनिराळ्या जातींचा मान-अपमान क्वचितच आला असेल. त्या वर्षीं भाद्रपदांत आमच्या मजल्यावरची सहा वर्षांची एक मुलगी मुठींत कांहीं तरी घट्ट धरून दाराशीं आली. “सर आजोबा, एकवीस आहेत. मोजून बघा.” तिनें पोडियमवरून प्लास्टिकचीं एकवीस पातीं उपटून, दोऱ्यानें बांधून, त्यांची नीट जुडी केली होती. मीं मोजलीं, एकवीस होतीं. तिच्या आजीनें ती जुडी फेकून दिली नाहीं आणि मूर्तीच्या मस्तकावरहि वाहिली नाहीं; तिनें ती मखराच्या एका बाजूला ठेविली, आणि विसर्जनाला निघण्यापूर्वीं आठवणीनें काढून घेतली. देखरेखीच्या अधिकारानें त्या मुलीला पातीं उपटूं नको म्हणून सांगणें माझें काम होतें. तें मीं केलें नाहीं.

माझें आजोळ दापोलीकडचें. तेथें अंगण ही वस्तु दर वर्षीं नव्यानें करावी लागे. पावसाळ्याचे चार महिने तें अंगण नसेच. तेथें गवत माजे, माती वाहून जाई, खड्डे पडत. पाऊस ओसरला कीं नवरात्राच्या सुमारास गवत तासून, नवी माती टाकून, पाणी मारून, लांकडी चोपण्यानें तें चोपून चोपून घट्ट करीत, शेणानें सारवीत आणि वर मांडव घालीत. त्यानंतरहि दर आठ-पंधरा दिवसांनीं सारवण असेच. भेग पडली कीं मामी शेणमातीचा गोळा त्यांत दाबी आणि हातानें सारखा करी. हें सगळें कष्टाचें होतें, आणि तें कष्ट बहुतांशीं बायकांचे होते. त्या दिवसांबद्दल हळवें होण्याचा अधिकार आम्हां पुरुषांना फारसा नाहीं. परंतु त्या दुरुस्तीची तऱ्हा निराळी होती. जी वस्तु लागे ती गोठ्यांतून आणि शेतांतून येई, आणि पुढच्या पावसांत ती निमूटपणें शेतांतच परत जाई. खऱ्या हिरवळीची गोष्टहि तशीच. तिच्यावर टक्कल पडलें तर माणसानें करायचें तें एवढेंच कीं पाणी घालून कांहीं दिवस कोणाला तेथें फिरकूं द्यायचें नाहीं; बाकीची दुरुस्ती गवत स्वतःच करतें. आमच्या पोडियमवर मात्र जें तुटलें तें तुटलें. मामांच्या हातीं कितीहि कसब असलें तरी पंपाच्या खोलीमागची दुमड दर ठिगळागणिक लहान होत जाते. तेथें आतां जेमतेम सतरंजीएवढा तुकडा उरला आहे.

आणि तुटलेलें जातें कोठें? उन्हानें पातीं ठिसूळ होतात, पायांखालीं त्यांचीं टोंकें मोडतात. पावसाळ्याच्या आरंभीं पाणी जाण्याच्या जाळीवर मामा हिरव्या केंसांचे बोळे काढतात. ज्यांना ते दिसत नाहींत तीं टोंकें नाल्यानें खाडीकडे जातात. ठाण्याची खाडी म्हणजे कांहीं गटार नव्हे, जरी पिढ्यानपिढ्या आपण तिला तसेंच वागविलें. तिच्या एका भागाला शासनानें २०१५ सालीं फ्लेमिंगो पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर केलें आणि २०२२ सालीं रामसर करारांतील पाणथळ जागांत तिचें नांव आलें. युरोपांत २०२३ सालीं जो नियम झाला त्यानें क्रीडांगणांच्या नकली गवतांत घालतात त्या प्लास्टिक-रबराच्या बारीक दाण्यांच्या विक्रीवर बंदी घातली, मात्र त्यासाठीं आठ वर्षांची मुदत दिली. आमच्या मैदानांत सुदैवानें रबर नाहीं, वाळूच आहे. पण पातीं आहेतच. मीं हें सभेंत सांगितलें तेव्हां एका तरुण इंजिनियर सभासदानें विचारलें कीं, आपल्या एका पोडियमनें खाडीला असा काय फरक पडणार? प्रश्न प्रामाणिक होता. मीं उत्तरादाखल माजिवड्यापासून घोडबंदरच्या रस्त्यावर जेवढे पोडियम त्याला आठवतील तेवढे मोजायला सांगितलें. त्यानें खरेंच बोटांवर मोजायला सुरुवात केली, आणि बोटें संपल्यावर तो हंसून खालीं बसला.

ती सभा गेल्या मार्गशीर्षांत झाली. नव्या गवताचें दरपत्रक आलें होतें. सगळें मैदान पुन्हां नव्यानें अंथरून देऊं, दहा वर्षें पाहायला नको, अशी त्यांत ग्वाही होती. पहिल्या वेळीं दिलेली ग्वाही शब्दशः हीच होती, हें कार्यवाहांनीं जुनें कागद काढून वाचून दाखविलें. वादविवाद तीन तास चालला. ज्यांचीं मुलें लहान आहेत त्यांना चिखल नको होता; ज्यांच्या मोटारी खालीं उभ्या राहतात त्यांना गळती नको होती; या दोहोंतहि तथ्य होतें. शेवटीं मामांना बोलावून विचारावें असें एका बाईंनीं सुचविलें. इतक्या वर्षांत सभेंत त्यांना प्रथमच खुर्ची मिळाली. त्यांनीं सांगितलें तें थोडक्यांत असें: दक्षिणेच्या कडेला, जेथें दोन इमारतींमधील फटींतून सकाळपासून ऊन येतें, तेथें खालचें जलरोधक काम नीट करून उथळ वाफे करावे व त्यांत हरळी लावावी, ती फार माती मागत नाहीं. सांवलीच्या भागांत खरें गवत लावूं नये, तें मरेल. तेथें जुनेंच राहूं द्यावें, ते सांधीत राहतील. मग थोडें थांबून म्हणाले कीं, दोन तासांत मात्र हें होणार नाहीं.

वाफ्यांचा ठराव सात मतांनीं निसटता मंजूर झाला. मामांना पुन्हां पूर्ण दिवसाचें काम द्यावें हा ठराव एकमतानें झाला. एकमत होण्यापूर्वीं वेतनाच्या आंकड्यावरून जी घासाघीस झाली तिचें वर्णन मी करीत नाहीं.

दक्षिणेच्या पट्ट्यांतून काढलेल्या गवताच्या गुंडाळ्या सध्यां पंपाच्या खोलीमागें पडून आहेत. चांगले तुकडे मामांनीं दुमड म्हणून निवडून ठेवले. एक तुकडा कोणीं गॅलरीसाठीं नेला, एक पायपुसण्यासाठीं. उरलेलें घेऊन जाण्यासाठीं मीं भंगारवाल्याला बोलाविलें. त्यानें एक गुंडाळी उलगडली, पाठीवरचा लेप नखानें खरवडून पाहिला, आंतून पडलेली वाळू पायानें बाजूला सारली आणि मान हलविली. निरनिराळीं प्लास्टिकें एकमेकांना डकवलेलीं, वर गोंद आणि वाळू. हें कोणी वितळवून घेत नाहीं, म्हणाला. तो माझ्याकडील जुनीं वर्तमानपत्रें मात्र तोलून घेऊन गेला.